दोन-दोन नावांचा जगाचा नकाशा (मराठी, भिंतीवरचा): चार महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आप्पा बळवंत चौकातून हा नकाशा आणला, ४५० रुपये, लॅमिनेटेड, ४० बाय २८ इंच, सगळं मराठीत. तसे मराठीत जगाचे नकाशे हवे तेवढे मिळतात, पण हा घेतला तो एकाच गोष्टीसाठी, यात प्रत्येक देशाला दोन नावं दिलीयेत. वर ठळक काळ्या अक्षरात आपण म्हणतो ते, आणि खाली बारीक निळ्या अक्षरात त्या देशातली माणसं स्वतःच्या देशाला काय म्हणतात ते, तेही देवनागरीतच. जर्मनी, खाली डॉइच्लांड. फिनलंड, खाली सुओमी. भूतान, खाली द्रुक युल. काउंटरवर पसरून बघितला आणि तिथंच ठरवलं की हाच न्यायचा. आता चार महिने भिंतीवर आहे, येता-जाता रोज बघितला जातो, म्हणून सविस्तर लिहितेय. चांगलं खूप आहे, आणि चुका अशा आहेत की पुढच्या आवृत्तीत सुधारल्याच पाहिजेत.

असा नकाशा मला का हवा होता ते आधी सांगते. माझे वडील, अण्णा, मिरजेला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. त्यांचा पोस्टाच्या तिकिटांचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा माझ्याकडे आहे, अजून उघडला की जुन्या डिंकाचा वास येतो. माझी मुलगी सहावीत आहे, मे महिन्याच्या सुट्टीत तिने तो डबा सतरंजीवर ओतला आणि लागली देशवार गठ्ठे करायला, आणि अर्ध्या तासात अडकली. "आई, मॅग्यार पोस्टा हा कुठला देश गं? हेल्व्हेशिया कुठे आलं? ग्लोबवर नाहीचे." आमच्याकडचा ग्लोब इंग्लिश, त्यावर हंगेरी आहे, स्वित्झर्लंड आहे, पण तिच्या हातातल्या तिकिटावर यातलं एकही अक्षर नाही. मला आठवलं, मी पण तिच्याएवढी असताना रशियाच्या तिकिटावरचं 'नोयटा' वाचून अण्णांना विचारलं होतं नोयटा कुठे आहे म्हणून, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की अगं ती त्यांची लिपी वेगळी, ते 'पोच्ता' आहे, म्हणजे आपलं पोस्ट.

तिकिटांवर असं का होतं, तर तिकीट प्रत्येक देश स्वतः छापतो, आणि नाव रोमन अक्षरात दिलं की झालं, ते इंग्लिशच असलं पाहिजे असं काही नाही. म्हणून स्वीडन लिहितं स्वेरिये, ऑस्ट्रिया लिहितं ओस्टराइश, जपान १९६६ पासून निप्पॉन लिहितं. स्वित्झर्लंडच्या चार भाषा, जर्मनमध्ये श्वाइत्स, फ्रेंचमध्ये स्विस, इटालियनमध्ये स्वित्सेरा, रोमान्शमध्ये स्वित्स्रा, एका एवढ्याशा तिकिटावर चारही कुठून मावणार आणि एकच लिहिलं तर बाकीच्यांनी काय करायचं, म्हणून त्यांनी कुणाचंच न घेता जुनं लॅटिन नाव घेतलं, हेल्व्हेशिया. आणि ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, १८४० मध्ये पहिलं तिकीट त्यांनीच काढलं तेव्हा बाकी कुणी नव्हतंच, त्यामुळे आजही फक्त राजा-राणीचा चेहरा असतो. हे सगळं अण्णांना तोंडपाठ होतं, मला अर्धवट आठवतं, आणि मुलीसाठी म्हणून मला असं काहीतरी भिंतीवर लावायचं होतं की तिने तिकीट हातात घेऊन सरळ तिथे जावं आणि तिला देश सापडावा.

आणि सापडतो. आणल्याच्या पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघी डबा घेऊन नकाशाखाली बसलो, तिने चिमट्याने एक एक तिकीट उचलायचं आणि निळी अक्षरं शोधायची. पोल्स्का मिळालं, एस्ती मिळालं (एस्टोनिया), श्किपेरिया म्हणजे अल्बानिया हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मग तिने एक जुनं फिकट तिकीट काढलं, त्यावर तुर्किये लिहिलेलं, आणि म्हणाली, "आई, हे नाव तर नवीन आहे ना, २०२२ चं? मग हे आजोबांकडे कसं?" मी बघतच राहिले. बरोबर आहे तिचं, बातमी आली होती जून २०२२ मध्ये की संयुक्त राष्ट्रसंघाने टर्कीचं नाव तुर्किये असं मान्य केलं, आणि आपण सगळे असं बोलत होतो जणू त्यांनी नाव बदललं. त्यांनी काहीच बदललं नव्हतं, ते घरात कित्येक वर्षं हेच म्हणत होते, स्वतःच्या तिकिटांवर हेच छापत होते, आता फक्त बाकीच्यांना सांगितलं की तुम्ही पण हेच म्हणा. इराणचं तेच, १९३५ मध्ये रझा शाहने इतर देशांना कळवलं की पर्शिया नको, इराण म्हणा, पण तिथली माणसं आधीपासून इराणच म्हणत होती. एका ५० पैशाच्या आकाराच्या कागदाच्या तुकड्यावरून हे पोरीच्या लक्षात आलं, या एका संध्याकाळीच माझे ४५० रुपये वसूल झाले.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक उच्चारांची. निळी नावं देताना ज्याने कुणी काम केलंय त्याने रोमन स्पेलिंग समोर ठेवून अक्षराला अक्षर देवनागरी करून टाकलंय, त्या भाषेतला उच्चार विचारलेलाच नाही. हंगेरीखाली छापलंय 'मग्यारओरस्झाग'. हे वाचताच येत नाही, माझी मुलगी तिथं तीनदा अडखळली. हंगेरियनमध्ये जी आणि वाय एकत्र आले की उच्चार साधारण 'द्य' असा होतो आणि एस-झेड म्हणजे नुसता 'स', म्हणजे ते नाव आहे मॉद्यॉरोर्साग, मॉद्यॉर लोकांचा देश. म्हणायला किती सोपं आहे बघा, आणि छापलंय काय. स्वीडनखाली 'स्वेरिगे', आणि शेजारी नॉर्वेखाली 'नॉर्गे'. नॉर्गे बरोबर आहे, तिथे ग खरंच ग आहे, पण स्वीडिशमध्ये त्याच स्पेलिंगचा य होतो, स्वेरिये. शेजारी-शेजारी देश, शेवटची दोन अक्षरं सारखी, उच्चार वेगळा, नुसतं स्पेलिंग बघून हे कळायचंच नाही, त्यासाठी ऐकावं लागतं, आणि आजकाल ऐकायला दोन मिनिटं पण लागत नाहीत.

मला याचा राग येतो तो यासाठी की देवनागरीत हे सगळं लिहिता येतं! इंग्लिश नकाशावाल्यांना हा उच्चार दाखवायचा म्हटलं तर किती यातायात करावी लागते, आपल्याकडे द्य आहे, च आहे, ज्ञ-ञ आहे, जोडाक्षरं हवी तेवढी आहेत. क्रोएशियाचं उदाहरण घ्या. त्यांचं स्वतःचं नाव असं आहे की सुरुवातीला ह, र, व एकामागोमाग येतात, मध्ये स्वरच नाही, इंग्लिश वाचणाऱ्याला ते कसं म्हणायचं हेच कळत नाही. पण त्यात र हाच स्वराचं काम करतो, जसा आपल्या ऋ चा मुळात होता. म्हणजे हृदयमधला हृ घ्या आणि लिहा, हृवात्स्का. झालं. या नकाशात नेमकं 'ह्रवात्स्का' आहे, अगदी चूक नाही म्हणणार, पण हाताशी असलेलं अक्षर सोडून दिलंय.

दुसरी गोष्ट, ठळक काळं नाव कुठलं आणि निळं कुठलं, हे ठरवायचा काही नियमच दिसत नाही. तुर्किये ठळक केलंय, छान. एस्वातिनी ठळक, ते पण छान, २०१८ मध्ये तिथल्या राजाने, मस्वाती तिसऱ्याने, स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली त्या निमित्ताने स्वाझीलँड नाव सोडलं, लोक स्वित्झर्लंडशी गल्लत करतात असंही तो म्हणाला होता. उत्तर मॅसेडोनिया पण आलंय, ग्रीसबरोबरचा नावाचा वाद २०१८ च्या करारात मिटला आणि २०१९ पासून ते लागू झालं, ते यांनी घेतलं. मग आयव्हरी कोस्टने काय पाप केलं? त्या देशाने १९८५ मध्येच जगाला सांगितलंय की आमच्या नावाचं भाषांतर करू नका, सगळ्या भाषांत कोत दिव्वारच म्हणा, कारण आधी प्रत्येक भाषेत हस्तिदंताचा किनारा असं वेगवेगळं भाषांतर व्हायचं आणि आंतरराष्ट्रीय बैठकांमध्ये एकाच देशाची पाटी इंग्लिशमध्ये एका अक्षरावर आणि फ्रेंचमध्ये दुसऱ्या अक्षरावर. आणि या नकाशात ठळक आहे आयव्हरी कोस्ट, खाली बारीक 'कोटे डी आयव्होर', म्हणजे फ्रेंच नाव इंग्लिश वळणाने वाचून देवनागरीत आणलेलं, धड हे नाही धड ते नाही. केप व्हर्दचं तसंच, त्यांनी २०१३ मध्ये काबो व्हेर्द म्हणा असं सांगितलं, इथे ते निळ्यात पण नाही.

माझ्या मते नियम साधा असावा. देशाने स्वतः जगाकडे एखादं नाव मागितलं असेल तर ते ठळक, मग आपल्या जिभेला नवीन असलं तरी चालेल, चार वर्षांत रुळतं. मागितलं नसेल तर मराठीत रुळलेलं नाव ठळक आणि त्यांचं घरातलं नाव खाली. जर्मनीने कधी म्हटलेलं नाही की आम्हाला डॉइच्लांड म्हणा, त्यांना इंग्लिशमध्ये जर्मनी, फ्रेंचमध्ये आलमान्य, पोलिशमध्ये न्येम्त्सी, फिनिशमध्ये साक्सा म्हणतात, त्यांची काही तक्रार नाही, मग आपणही जर्मनी म्हणावं, आपण तर अॅल्युमिनियमच्या पातेल्याला पण जर्मनचं पातेलं म्हणत आलोय. आणि देश मागतो ते नेहमी स्वतःच्या भाषेतलंच नाव असतं असंही नाही हं. जॉर्जियाचं घरातलं नाव साकार्तवेलो, पण त्यांनी जपानला काय विनंती केली, तर रशियन वळणाचं गुरुजिया सोडा आणि इंग्लिशसारखं जॉर्जिया म्हणा, आणि जपानने २०१५ मध्ये खरंच बदललं. म्हणजे कुणाचं नाव कुणाच्या तोंडून आलंय हे त्या माणसाला खुपतं, नुसतं देशी की विदेशी एवढंच नसतं ते.

म्यानमारशी आलं की मात्र माझा नियम मलाच पुरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. १९८९ मध्ये लष्करी राजवटीने बर्माचं म्यानमार केलं, रंगूनचं यांगोन केलं, लोकांना न विचारता. लोकशाहीवाले, आँग सान सू ची धरून, कितीतरी वर्षं बर्माच म्हणत राहिले. आणि गंमत अशी की भाषेच्या दृष्टीने दोन्ही एकच, म्यन्मा हे लिहिण्यातलं रूप आणि बमा हे बोलण्यातलं. मग मागितलं कुणी, देशाने की सरकारने? आणि आपल्या घरात तिसरंच नाव, ब्रह्मदेश. टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं होते ते ब्रह्मदेशात होते, मराठी माणसाला म्यानमार म्हटलं तर ते आठवणार नाही. या नकाशात म्यानमार ठळक आणि निळ्यातही पुन्हा म्यानमार. मी स्केचपेनने खाली ब्रह्मदेश लिहिलंय.

तिसरी तक्रार इथूनच येते आणि मला ती सगळ्यात जास्त लागते. नकाशा मराठी आहे, पण ठळक नावं बहुतेक ठिकाणी इंग्लिश नकाशा समोर ठेवून उतरवलेली आहेत. असं वाटतं की जगात दोनच बाजू आहेत, एक इंग्लिश नाव आणि एक तिथलं नाव. अहो, मराठीला स्वतःची नावं आहेत! आपली माणसं डचांना वलंदेज म्हणायची, ते पोर्तुगीजांच्या तोंडून आलेल्या हॉलंडवरून. बखरींमध्ये रूमशाम येतं, रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख आणि शाम म्हणजे सीरियाकडचा. इजिप्तला जुने लोक मिसर म्हणायचे, आणि तिथली माणसं आजही मिस्रच म्हणतात, म्हणजे आपण चांगलं बरोबर म्हणत होतो आणि इंग्लिश शिकून ते सोडलं. इस्रायलचं बघा, इंग्लिशमध्ये इझ्रेल, हिब्रूमध्ये यिस्राएल, आपलं इस्रायल हिब्रूच्या जास्त जवळ, आणि कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्रायली तर आपल्या मराठीत इस्रायलच म्हणतात. नेपाळ आपण ळ लावून म्हणतो, इराणला ण लावतो, ही आपली जीभ आहे, तिचा मान राखायला पाहिजे. उलट बाजूने, जिथे आपलं नावच घोळ करतं तिथे ते सोडावं पण, तुर्कस्तान हे मराठी पेपरात सर्रास असायचं, पण तुर्कस्तान म्हटलं तर मध्य आशियातला तो मोठा प्रदेश, कझाकस्तानात त्या नावाचं शहरच आहे, मग मुलांनी काय समजायचं. आणि हॉलंड तर डच सरकारनेच २०२० पासून सोडलं, १२ प्रांतांपैकी दोनच प्रांत हॉलंड नावाचे, मग सगळ्या देशाला ते कसं चालेल, नेदरलँड्सच बरोबर, आणि या नकाशात तेच आहे.

कुणी म्हणेल नावाचं एवढं काय. माझ्या आजीचं लग्नात नाव बदललं, तेव्हा बदलायचेच, तांदळात अंगठीने लिहायचं आणि संपलं. पुढे साठ वर्षं ती सासरच्या नावाने जगली, रेशन कार्डावर तेच, सातबाऱ्यावर तेच. फक्त तिचा भाऊ भाऊबीजेला यायचा तो दारातूनच माहेरच्या नावाने हाक मारायचा, आणि स्वयंपाकघरातून ती ज्या आवाजात ओ द्यायची तो आवाज वर्षातून एकदाच ऐकू यायचा. मला सुओमी, साकार्तवेलो, हायास्तान (हे आर्मेनियाचं) ही निळी अक्षरं वाचताना तिची आठवण येते. म्हणूनच ती अक्षरं नीट छापा म्हणून इतकं कळकळीने लिहितेय, माहेरच्या नावाने हाक मारायची तर ती तरी चुकीची मारू नये.

भारताच्या चौकटीबद्दल वेगळं लिहायला हवं. आपल्या देशावर ठळक भारत आहे, खाली निळ्यात काहीच नाही, बरोबरच आहे, मराठी नकाशात आपलं घरातलंच नाव वर येणार. पण कोपऱ्यात एक छोटी माहितीची चौकट दिलीय त्यात नुसतं 'इंडिया हे इंग्रजांनी दिलेलं नाव' असं एक वाक्य टाकून मोकळे झालेत, हे बरोबर नाही. सिंधूवरून ग्रीकांच्या तोंडी इंडिया आलं ते इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधी. आणि राज्यघटनेच्या पहिल्या कलमात दोन्ही नावं आहेत, मराठी प्रतीत 'इंडिया, अर्थात भारत'. यावर घटना समितीत १८ सप्टेंबर १९४९ ला चांगली चर्चा झाली होती, हरि विष्णू कामतांनी दुरुस्ती मांडली होती की क्रम उलटा करा, भारत आधी आणि इंग्लिश भाषेत इंडिया असं लिहा, आणि त्यासाठी दाखला कुणाचा दिला, आयर्लंडचा, कारण त्यांच्या १९३७ च्या घटनेत तसंच आहे, देशाचं नाव एरे, इंग्लिश भाषेत आयर्लंड. मतदान झालं, ३८ विरुद्ध ५१, दुरुस्ती पडली. अण्णांच्या डब्यात एरे लिहिलेलं हिरवं तिकीट आहे आणि त्याच्या शेजारी आपलं, वर देवनागरीत भारत आणि रोमनमध्ये इंडिया. चौकटीत एवढं लिहायला जागा आहे, मी मोजून बघितलं, आत्ता तिथे कमळाचं चित्र आहे.

बाकी छपाई चांगली आहे. रंग डोळ्यावर येत नाहीत, समुद्राचा निळा आणि नावांचा निळा वेगळा ठेवलाय म्हणून नावं उठून दिसतात, फक्त युरोपात बाल्कनच्या भागात इतकी दाटी झालीय की निळी अक्षरं वाचायला भिंग लागतं, तिथे एक मोठा करून वेगळा चौकोन दिला असता तर बरं झालं असतं, अटलांटिकमध्ये भरपूर मोकळी जागा पडलीय. मागची सूची फक्त ठळक नावांची आहे. म्हणजे तिकिटावर मॉद्यॉर बघून मूल सूचीत शोधेल तर मिळणार नाही, ज्यासाठी नकाशा घ्यायचा तेच अर्धं राहिलंय. आणि सूचीत अजून स्वाझीलँड आहे, नकाशात एस्वातिनी, दोन्हीचं काम दोन वेगळ्या माणसांनी केलेलं दिसतंय. मी प्रकाशकांना चुकांची यादी मेल केलीय, ३१ नावं, योग्य उच्चारांसकट, पोच आली आहे, बघू.

घ्यावा का? घ्या. मराठीत असा दुसरा मला अजून मिळालेला नाही, कल्पना शंभर नंबरी आहे, काम घाईत झालंय. पाचपैकी साडेतीन. घेताना घडीचा घेऊ नका, गुंडाळलेला मागा, घडीची रेघ नेमकी हंगेरी आणि ऑस्ट्रियावरून जाते आणि लॅमिनेशन तिथेच पांढरं पडतं, दुकानात दोन्ही असतात आणि नळीचे ३० रुपये वेगळे लागतात. मुलीने चुकलेल्या नावांवर स्वतःच्या अक्षरात छोट्या पिवळ्या चिठ्ठ्या लावायला घेतल्यात, आतापर्यंत अकरा झाल्या. मॉद्यॉरोर्सागवरची पंख्याच्या वाऱ्याने दोनदा पडली, तिला काल सेलोटेप लावलीय.